दोन्ही बाजूंनी चावी

अल्का कोहमाऱ्याहून बसमध्ये बसली तेव्हाच तिचं भांडण सुरू झालं होतं. नीला समोर नव्हती म्हणून काय झालं? गोरेगाव येईपर्यंत तिने मनातल्या मनात भावजयीला पुरतं झाडून घेतलं. गोंदियाच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिला एवढाच कंटाळा आला होता, की आता हे सगळं परत एकदा मोठ्याने म्हणावं लागणार. सासूला घरात कोंडून ठेवते म्हणे! आतून उघडायलाही चावी लागेल असं कुलूप बसवते म्हणे! भावाने, अश्विनने, फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली होती, आणि दुधराम, तिचा नवरा, ती जळकी पोळी मुकाट्याने खाऊन टायरच्या दुकानावर निघून गेला होता. अल्का रागात असली की दुधराम काहीही खायचा.

रेल्वेलाइनीपलीकडच्या त्या जुन्या बिल्डिंगचा जिना चढून ती दुसऱ्या मजल्यावर आली, तर दारात एक माणूस गुडघे टेकून बसलेला. हातात ड्रिल, कानावर विडी. जुनं कुलूप उपटून काढलं होतं आणि त्याच्या जागी दाराला मुठीएवढं भोक पडलं होतं. त्या भोकातून आत दिवाणावर बसलेल्या मायचा निळा पदर दिसत होता.

"जयभीम ताई, या," नीला आतून आली. "बरं झालं बापा, तुम्हीच आल्या. आता उभं राहून लावून घ्या तुमच्या मनासारखं. मला तर हे पटतच नाही."

अल्काचं तयार भाषण घशातच राहिलं. "काय पटत नाही?"

"मायले कोंडणं. तुमचा जीव तिकडं टांगलेला राहते, हे समजते मले. पण ताई, कुलूप?"

"थांब. कोण म्हणते कुलूप लावा म्हणून?"

"तुम्हीच ना."

"मी? मी काऊन म्हणन?"

दोघीजणी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दोघींच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला आणि दोघींनी एकदमच मान वळवली. आत, पंख्याखाली उभा राहून, अश्विन कधी नव्हे ते मोटरसायकलचं हेल्मेट फडक्याने पुसत होता.

"अश्विन," अल्का म्हणाली, "इकडं ये."

"एक मिनिट ताई, हे जरा..."

"हेल्मेट ठेव खाली."

असा हा माणूस. बायकोला म्हणाला, ताई मागे लागली आहे. बहिणीला म्हणाला, नीला ऐकत नाही. दोघी एकमेकींवर चिडून बसतील आणि तेवढ्यात कुलूप लागून जाईल, असा त्याचा हिशेब. राइस मिलमध्ये शंभर हमालांना कामाला लावणारा माणूस, पण घरातल्या दोन बायकांशी सरळ एक वाक्य बोलायची त्याला हिंमत झाली नव्हती.

"भैय्या," दारातला सुतार, नंदलाल, मध्येच बोलला, "पल्ला उतारना पड़ेगा. नीचे से घिस रहा है. ऐसे में बोल्ट चौखट में बैठेगाच नहीं."

"उतारो," अश्विन म्हणाला. विषय बदलला म्हणून त्याला नंदलालच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"रुको," अल्का म्हणाली. "काई उतारू नको. पहिले ठरू दे."

"दीदी, पुराना ताला तो निकल गया. अब कुछ तो लगाना पड़ेगा. ऐसे छेद रखोगे क्या?"

नंदलालने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, अश्विनने एक बाजू धरली, आणि ते जड सागवानी दार दोघांनी मिळून जिन्याने खाली पार्किंगमध्ये नेलं, रंदा मारायला. घर एकदम उघडं पडलं. जिन्यातला उजेड, समोरच्यांच्या कुकरची शिट्टी, खालच्या पोरांचा गलका, सगळं सरळ आत.

माय दिवाणावरून बघत होती. "अल्का, कवा आली वो?"

"आत्ताच माय."

"जेवली का?"

"नाही अजून."

"मंग जेव," माय म्हणाली, आणि पुन्हा बाहेर बघू लागली.

मायचं, सुलोचनाबाई रामटेकेंचं, हे असं विसरत जाणं गेल्या दिवाळीपासून सुरू होतं. त्याआधी काही नव्हतं असं नाही, पण त्यांचे यजमान, शालीकराम, होते. ते रेल्वेत गार्ड. मालगाडी घेऊन कधी डोंगरगडला जात, कधी नागपूरला, आणि परत यायच्या वेळेचा काही नेम नव्हता. म्हणून या घराला आतून कडी लावायची रीतच नव्हती. ड्यूटीवरून थकून आलेल्या माणसाने दार वाजवत उभं राहू नये, बस. नुसतं लोटून झोपायचं. पोरांची लग्नं झाली, ते रिटायर झाले, तरी दार लोटलेलंच. मागच्या वर्षी ते गेले. पुण्यानुमोदनाला आलेली माणसं आपापल्या गावी परतली, आणि त्या दिवसापासून नीलाने कितीदा कडी लावली असेल आणि मायने कितीदा उठून काढली असेल, याची मोजदाद नाही.

तिथवरही ठीक होतं. पण मग माय स्वतःच बाहेर पडून स्टेशनकडे निघू लागली. डबा घेऊन. कधी डब्यात भात असायचा, कधी नुसताच रिकामा डबा. नीला कामठ्याच्या उपकेंद्रावर नर्स, सकाळीच स्कूटीने जाणार. अश्विन मिलमध्ये. समीक्षा, त्यांची मुलगी, शिकायला नागपूरला. दिवसभर घरात माय आणि लोटलेलं दार.

"चला, आत बसू," अश्विन परत वर आल्यावर अल्का दबक्या आवाजात म्हणाली. "तिच्यासमोर नको. तिले सगळं समजते."

खरंच होतं ते. माय ऐकते, मायला वाईट वाटेल, मायच्या देखत कोंडायच्या गोष्टी करायच्या नाहीत, यावर तिघांचंही ताबडतोब एकमत झालं. सकाळपासूनचं पहिलंच एकमत. तिघंही स्वयंपाकघरात गेले आणि नीलाने आतून दार लावून घेतलं. घराला पुढचं दार नव्हतं आणि आतलं दार बंद. हे त्यांच्यापैकी एकालाही सुचलं नाही. शिकलेली माणसं!

"आता सांग," अल्का अश्विनला म्हणाली. "गॅस सुरू राहिला त? काई पेटलं त? आतून चावी लागते म्हणते ना तू. मरन ते आतमधी!"

"गॅस बंद करूनच जाऊ आम्ही."

"आणि चक्कर येऊन पडली त? कोण उघडन?"

"मग तू घेऊन जा कोहमाऱ्याले," अश्विन एकदम म्हणाला.

अल्का थबकली. तिचं घर हायवेला लागून. समोर ट्रकांची रांग. माय तिथून बाहेर पडली तर स्टेशन शोधायला वेळच मिळणार नाही. हे तिलाही ठाऊक, त्यालाही ठाऊक. "मी नेतो की," ती म्हणाली, पण आवाज खाली आला. "नेलं होतं ना उन्हाळ्यात. चौथ्या दिवशी रडून परत आली. मी काय करू मंग?"

"तेच म्हणतो ना मी! कोणाजवळच काई नाही, मंग कुलूप तरी लावू द्या!"

"पण खोटं कायले बोलले तुम्ही?" नीला म्हणाली. "समीक्षाचे पप्पा, खोटं कायले? मले वाटलं ताईले माझा भरवसा नाही. मी रात्रभर जागी."

"अन् मले वाटलं ही चांगली बाई एकदम बदलली कशी," अल्का म्हणाली, आणि तिने नीलाचा हात धरला. गोरेगावपर्यंत जिला झाडलं होतं तिचाच. आता दोघी एका बाजूला आणि अश्विन ओट्याला टेकून दुसऱ्या बाजूला.

त्याने सिंकचा नळ घट्ट बंद केला. मग बोलला. "मी पाहिलं तिले."

"कोठी?"

"स्टेशनावर. तुम्हाला वाटते पानठेल्याजवळून परत येते. नाही येत. मिलचा माल पाठवायला मी गेलो होतो गुड्सशेडकडं. पाहतो त माय. प्लॅटफॉर्म संपते ना, त्याच्याही पुढं, रुळाच्या बाजूच्या गिट्टीवर. हातात डबा. मालगाडी उभी होती. गार्डाले इचारून रायली, आमचे साहेब कोणत्या गाडीवर हायेत आज?" त्याचा आवाज चिरकला. "तो पोट्टा हसून रायला होता. अन् मी... मी लगेच गेलो नाही. लाज वाटली मले. तेवढ्यात गाडी हालली. ताई, गाडी हालली अन् ते गार्डाच्या डब्याच्या मागं, हातातला जेवणाचा डबा पुढं करून चालू लागली."

नीलाने पदराने तोंड दाबलं.

"आता सांगा," अश्विन म्हणाला, "कुलूप लावू का नको?"

अल्काला हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. सकाळी बसमध्ये तिला सगळं कसं स्वच्छ माहीत होतं. आता भावाचा राग यावा की त्याला जवळ घ्यावं, तेही कळत नव्हतं.

इकडे सुलोचनाबाईंना एक गोष्ट मुळीच समजत नव्हती. ही माणसं आपल्याला कोणाच्या घरी घेऊन आली?

दिवाण आपल्यासारखाच. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, तोही आपल्यासारखाच, शेजारी हार घातलेले साहेब. पण हे घर आपलं कसं असेल? याला दारच नाही. नुसती चौकट, आणि चौकटीत जिना. बिनदाराच्या घरात कोण राहते? आपल्या घराला दार आहे, तपकिरी, जड. जोर लावून लोटावं लागतं. साहेब येतील ते दार शोधत येतील आणि दार नाही म्हटल्यावर पुढे निघून जातील.

आत कोणाची तरी बोलाचाली चालली होती. त्यांच्या घरचं भांडण त्यांच्याजवळ. दुसऱ्याच्या घरी फार वेळ बसू नये, हे सुलोचनाबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या उठल्या, चपला पायात घातल्या, चौकटीतून बाहेर पडल्या आणि आपलं दार शोधायला निघाल्या. खाली कोणी तरी लाकूड तासत होतं, खर्र खर्र आवाज येत होता. त्यांना तो आवाज आवडला नाही, म्हणून त्या वर चढल्या.

दिवाण रिकामा आहे हे आधी अल्काने बघितलं. मग जे व्हायचं तेच झालं. "माय! अवो माय!" अश्विन जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उडवत खाली गेला. नंदलालने रंदा वर उचलला. "माताजी? इधर से तो कोई नहीं गया भैय्या."

"तू काम करत होता, तुले काय दिसन!" अश्विन ओरडला, मोटरसायकलला किक मारली आणि स्टेशनकडे पळाला. अल्का खाली धावली, पानठेल्यावर, पिठाच्या चक्कीवर, जो दिसेल त्याला विचारत सुटली. पायात चप्पल नव्हती. ती नाही हे तिला कोपऱ्यावर गेल्यावर कळलं.

नीलाही पायऱ्यांपर्यंत आली आणि थांबली. घराला दार नाही. कपाट आत, समीक्षाच्या लग्नासाठी जमवलेलं किडुकमिडुक आत. असं उघडं टाकून जायचं कसं? आणि माय तिकडे गिट्टीवर असेल तर इथे घर राखत बसायचं कसं? ती एक पाऊल बाहेर टाके आणि एक आत घेई. भोंगळ्यासारखं उघडं पडलेलं ते घर आणि त्याच्या चौकटीत अडकलेली ती. आयुष्यात इतकी चीड तिला कशाची आली नव्हती. त्या कुलपाची, नवऱ्याची, स्वतःच्या नोकरीची, आणि हो, मायचीसुद्धा. "काऊन असं करता वो माय!" ती मोठ्याने म्हणाली आणि रडायलाच लागली.

वरून कोणी तरी हसलं.

नीलाने कान दिला. ते मायचं हसणं होतं. त्यात शंकाच नाही. वरच्या मजल्यावर, अगदी डोक्यावर.

घराचं काय व्हायचं ते होवो, म्हणून ती धावत वर गेली. तिसऱ्या मजल्यावर, नेमकं त्याच जागी, तसंच तपकिरी दार, आणि आत वरच्या शेजारणीच्या, रुख्माबाईंच्या, खुर्चीत माय चहा बशीत ओतून पीत होती.

"जयभीम नीला," रुख्माबाई म्हणाल्या. "म्या म्हटलं पाठवलं असन तुम्ही, घरात ठोकाठोक चालू हाये म्हणून. दार लोटून सरळ आतच आल्या. म्हणते, साहेब येत पर्यंत बसतो."

नीला मायच्या पायाशी बसली. तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं.

"काय झालं वो?" मायने तिच्या केसांवरून हात फिरवला. "कोणी बोललं का तुले? आपल्या घराचं दार कोणी नेलं, सांग. इथं दार दिसलं म्हून आली मी. पण हे रुख्माचं घर हाये, हे चहा पिल्यावर समजलं."

"आम्हीच काढलं होतं माय, दार. दुरुस्तीले."

"तुम्हीच काढता अन् तुम्हीच रडता," माय म्हणाली.

दुपार कलेपर्यंत दार चौकटीत परत बसलं. नंदलालने जुन्या कुलपाच्या भोकातच नवा डेडबोल्ट ठोकून बसवला. अश्विन स्टेशनहून घामाने निथळत परत आला होता, आणि अल्काच्या तळपायात काच शिरली होती. नीलाने ती चिमट्याने काढली, वर पट्टी बांधली, आणि घड्याळाकडे बघितलं. अर्ध्या दिवसाची सुट्टी संपत आली होती. कामठ्याला बाळांचं लसीकरण होतं आणि बाया येऊन बसल्या असतील. अश्विनच्या मिलमधून फोनावर फोन. अल्काची बस.

"देखो, अंदर से भी चाबी, बाहर से भी चाबी," नंदलालने किल्ली फिरवून दाखवली. पोलादी दांडा खटकन बाहेर आला आणि खटकन आत गेला. "अब बोलो, चाबी किसके हाथ में दूँ?"

कोणीच हात पुढे केला नाही.

"मले सांगा," दिवाणावरून माय म्हणाली. "मी कोठी गेली होती?"

अश्विनने पुन्हा हेल्मेट हातात घेतलं.

"स्टेशनावर जातो का मी? खरं सांगा. नीला, तू सांग."

"हौ माय. जाता."

"रुळावर?"

नीलाने मान हलवली. माय आपल्या हातांकडे बघत राहिली. आज तिच्या डोळ्यांत नेहमीचा तो धूर नव्हता. ते सगळ्यात वाईट होतं.

"मले त काई आठवत नाही," ती म्हणाली. "मंग लावा कुलूप. पण चावी नीलाजवळ द्या."

"माय, मी आहे ना," अल्का म्हणाली. "मी पोटची हावो तुझी."

"तू लावशील त कोहमाऱ्यापर्यंत रडत जाशील. हा लावन त मिलमधी विसरून जाईन." तिने अश्विनकडे बोट केलं. "नीला लावन त येऊन उघडन."

आईने असं तोंडावर सांगावं आणि ते खरंही असावं! तिने नंदलालच्या हातातली किल्ली घेतली आणि स्वतःच नीलाच्या तळहातावर ठेवली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

नंदलाल सामान उचलून गेला. गॅस बंद केला. पाण्याचा तांब्या, पोहे, गोळ्या, सगळं मायच्या हाताशी ठेवलं. तिघं बाहेर आले, नीलाने दार ओढलं, आणि किल्ली फिरवली. खटकन.

आतून मायचा आवाज आला. "बरोबर लागलं का?"

"हौ माय."

"मंग जा. टाइम होऊन रायला तुमचा."

जायला हवं होतं. अश्विनने जिन्याकडे तोंड केलं, पण पाय उचलला नाही. अल्का भिंतीला धरून एका पायावर उभी. आत मायच्या चपला फरफटत दिवाणापर्यंत गेल्या. मग शांत. "चला," अश्विन कुजबुजला. तिघं तीन पायऱ्या उतरले असतील.

आतली मूठ हलली.

एकदा. मग परत. मग जोरजोराने. "कोण हाये?" माय ओरडली, आणि हा आवाज मघाचा नव्हता. "कोण हाये बाहेर? मले कोंडलं कोणी! अवो, उघडा ना! साहेब येतीन, उघडा!"

"नीला, उघडू नको," अश्विन म्हणाला. त्याचेच डोळे भरले होते. "दोन दिवस असंच होईन. सवय लागन तिले."

"तिनंच म्हटलं ना लाव म्हणून," अल्का म्हणाली, आणि तिला स्वतःच समजेना आपण कोणाच्या बाजूने बोलतोय.

नीला वर गेली होती. किल्ली भोकात जात नव्हती. एकदा चुकली, दुसऱ्यांदा बसली. दार उघडलं. समोर माय, पदर सुटलेला, तोंड भीतीने पांढरं. तिने नीलाकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या किल्लीकडे.

"तूच लावलं होतं का?"

खोटं बोलता आलं असतं. "हौ माय," नीला म्हणाली. "मीच लावलं होतं."

मायचे खांदे खाली आले. श्वास सुटला.

"तू होती का! मंग ठीक हाये," ती म्हणाली. "मले वाटलं कोणी दुसरं."

ती वळली आणि पदर सावरत दिवाणावर जाऊन बसली. नीला तिथेच उंबऱ्यावर खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली. अल्का लंगडत पायऱ्या चढून आली आणि तिच्या शेजारी टेकली. अश्विन जिन्यात उभाच. त्या दिवशी कामठ्याला दुसरी नर्स पाठवा म्हणून फोन त्यानेच केला.